तळटीप ७ : पाचूबंदरचा तवंग

मूळ मजकुरात पाचूबंदरच्या धक्क्यावरचा डिझेलचा तवंग ‘भरतीने धुऊन नेला’ असे म्हटले आहे. भरती तवंग पांगवते. तो संपवण्याचे काम बरेचसे जिवाणूंचे.

डिझेलचा हलका अंश उन्हात उडून जातो. उरलेल्यातल्या सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांवर अल्कॅनिव्हॉरॅक्ससारखे जिवाणू तुटून पडतात. १९९८मध्ये वर्णन झालेली याची एक जात साबणासारखा द्रव सोडून तेलाचे बारीक थेंब करते. वलयाकार, अधिक विषारी रेणू सायक्लोक्लास्टिकसच्या वाट्याला येतात. एकाने अर्धवट तोडलेले दुसरा खातो, म्हणून एकट्यादुकट्या जातीपेक्षा समुदाय मोलाचा. मात्र तेलात कार्बन भरपूर असला तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस नगण्य; त्यामुळेच १९८९च्या ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ गळतीनंतर अलास्काच्या किनाऱ्यावर खत टाकले गेले.

नायगाव-उमेळ्याच्या मिठागरांत गणित आणखी बिकट. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, मीठ धरणाऱ्या वाफ्यात कित्येक पट. तिथे टिकायला जिवाणू पेशीत एक्टोईनसारखी संयुगे साठवतात. त्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते, शिवाय खारट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो; विघटन मंदावते.

खाजणाच्या चिखलाची काळजी सर्वाधिक वाटते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर होऊन सांडलेले तेल कांदळवनांत शिरले होते. अशा चिखलात काही सेंटीमीटर खालीच प्राणवायू संपतो आणि तिथे रुतलेले तेल वर्षानुवर्षे राहू शकते.