ग्रंथावाचून टिकलेला धर्म

आशिया खंड ही जगातील बहुतेक थोर धर्मांची जन्मभूमी होय. वेद, त्रिपिटक, अवेस्ता, बायबल, कुराण ही सारी ग्रंथसंपदा याच भूमीत निर्माण झाली. त्यामुळे धर्म म्हटला की त्याला ग्रंथ असावा, असे सुशिक्षित मनुष्य सहजच गृहीत धरतो. परंतु याच खंडात असेही समाज आहेत की ज्यांच्या श्रद्धेला ग्रंथाचा आधार नाही, आणि तरीही ती शतकानुशतके टिकून राहिली आहे. मध्यप्रदेशातील जबलपूर जिल्ह्याचा कुंडम तालुका हा अशाच एका श्रद्धेचा प्रदेश आहे. हिरन नदीच्या उगमाकडील या डोंगराळ मुलखात मोठी वस्ती आहे ती गोंडांची.

कुंडमच्या वायव्येस, कटनी जिल्ह्यात बहोरीबंदजवळ, रूपनाथ नावाचे स्थान आहे. तेथील एका शिळेवर सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लेख कोरविला. आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटल्याचे तो त्यात सांगतो, आणि हा संदेश चिरकाल राहावा म्हणून तो पाषाणावर लिहावा अशी आज्ञा देतो. पाषाण राहिला, अक्षरेही राहिली. पण ती लिपी वाचणारे मात्र उरले नाहीत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे असे लेख पुन्हा बोलू लागले. आज रूपनाथला यात्रेकरू जातात ते शंकराच्या दर्शनासाठी. लिहिलेलेही वाचणाऱ्यावाचून मुके होते, हा रूपनाथचा धडा आहे. मग जे कधी लिहिलेच गेले नाही, ते कसे टिकले?

गोंडांचा मुख्य देव म्हणजे बडादेव. त्याचा वास साजाच्या झाडात मानतात. मराठीत ज्याला आपण ऐन म्हणतो तोच हा वृक्ष. या देवाला मंदिराची गरज नाही. पण या श्रद्धेचा खरा पाया वृक्षाहूनही खोल, कुळाच्या रचनेत आहे. प्रत्येक कुळ हे ठराविक संख्येच्या देवांचे असते. कोणी सात देवांचे, कोणी सहांचे, कोणी पाचांचे, तर कोणी चारांचे. समान संख्येचे देव पुजणारे परस्परांचे भाऊ ठरतात. त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की प्रत्येक पिढीला आपल्या देवांची गणना करावीच लागते. जबलपूरकडील बहुतांश गोंडांची गोंडी भाषा लोपून तिची जागा हिंदी बोलीने घेतली. देवांची गणना मात्र सुटली नाही. जे ग्रंथाने करावे ते येथे सोयरिकीने केले.

दुसरा आधार परधानांचा. परधान हे गोंडांचे भाट. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवीत ते यजमानाच्या दारी जात, देवांची व कुळांची गाथा गात, आणि धान्य, वस्त्र, गुरे अशी दक्षिणा घेत. बडादेव बान्यातच वसतो अशी त्यांची भावना आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेली लिंगो या आद्यपुरुषाची गाथा परधानाच्याच मुखातून आली. ती हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. पुढे व्हेरियर एल्विन यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला.

राजसत्तेने मात्र या श्रद्धेला फारसे सांभाळले असे दिसत नाही. गढा-मंडल्याचे राजे गोंड खरे, पण दरबारात पुराणांतील देवदेवतांचा मान वाढत गेला. १५६४ साली मोगलांशी लढताना देह ठेवणारी राणी दुर्गावती ही मूळची चंदेल राजकन्या. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी हे राज्य संपविले. त्याच वंशातील शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. राज्य गेले, वंशाचे वैभव गेले. पण साजाखालचा बडादेव राहिला, कारण तो कधी राजाच्या आश्रयाने राहिलाच नव्हता.

या श्रद्धेपुढे अधिक कठीण प्रश्न उभा केला तो शिरगणतीच्या तक्त्याने. इंग्रजी अमदानीत अशा समाजांची नोंद कधी ‘जडप्राणवादी’ म्हणून, तर १९३१ साली ‘जमातीचा धर्म’ म्हणून होई. गणना करणारा जे लिही त्यावर एकाच गावचे दोन भाऊ निरनिराळ्या धर्मांत मोडले जाणे शक्य होते. १९५१ पासून तो स्वतंत्र रकाना राहिला नाही. २०११ साली ‘इतर धर्म व पंथ’ या सदरात सुमारे ७९ लाख लोकांची नोंद झाली. त्यांत गोंड अथवा गोंडी हे नाव सांगणारे सुमारे १० लाख होते. एकट्या मध्यप्रदेशातच गोंडांची संख्या ५० लाखांवर आहे. अर्थात बहुसंख्य गोंड आपणांस हिंदू म्हणून नोंदवितात. काहींना मात्र आपल्या श्रद्धेला स्वतःचे नाव हवे आहे. या दोन्ही भूमिका त्याच समाजातून आलेल्या आहेत, आणि त्यांचा निवाडा बाहेरच्याने करणे उचित नव्हे.

बाहेरच्याने एवढे मात्र ध्यानी घ्यावे. यजमानांकडून मिळणारी दक्षिणा आटली, तसे परधानांचे गाणेही उणावले. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान तरुणाने १९८० नंतर तेच देव कागदावर व भिंतीवर रंगविले, आणि त्यांची चित्रे देशोदेशी पोहोचली. पण चित्र पाहणाऱ्याला देव दिसतो, त्याची गाथा ऐकू येत नाही. रूपनाथच्या शिळेला वाचक पुन्हा लाभला, कारण अक्षरे जागेवर होती. गाणाऱ्याचा कंठ एकदा थांबला तर उलगडण्यासाठी मागे काहीच उरत नाही. म्हणून ज्याचा ग्रंथ माणूस हाच आहे, त्या धर्माचे जतन त्या माणसाच्या जतनातच आहे.