झिंगा, मीठ आणि यवतमाळ

यवतमाळच्या माणसाने कोळंबी उकडण्यावर लिहायचं म्हणजे अलिबागच्या माणसाने कापूस वेचण्यावर व्याख्यान द्यायचं, असं एक मत आमच्या घरातच आहे. हे मत ज्यांचं आहे त्या मूळच्या अलिबागच्या. लग्न होऊन यवतमाळला आल्याला त्यांना तीस वर्षं होऊन गेली. रेशनकार्डावर, मतदारयादीत, गॅसच्या पुस्तकावर सगळीकडे आमचं आडनाव लागलं. मासळीच्या बाबतीत मात्र त्यांनी माहेरचं आडनाव अजून सोडलेलं नाही. त्यांच्या हिशेबी महाराष्ट्राचे दोन भाग आहेत. एकात कोळंबी कळते. दुसरा घाटाच्या वर सुरू होतो, आणि तो कुठे संपतो याची चौकशी करण्याचं त्यांना कधी कारण पडलं नाही. आम्ही त्या दुसऱ्या भागाच्या पार आत. मुंबई आमच्यापासून रस्त्याने साडेसहाशे किलोमीटरच्या वर, आणि घरापासून सर्वांत जवळचं खारं पाणी म्हणजे लिंबाच्या लोणच्याचा खार.

पण म्हणून वऱ्हाडाला कोळंबी ठाऊक नाही असं कोणी समजू नये. आमच्याकडे तिला झिंगा म्हणतात. नावातच फरक पाहा. कोळंबी म्हटलं की कशी नाकात नथ घातलेली, चापूनचोपून नऊवारी नेसलेली वाटते. झिंगा म्हटलं की लंगोट कसून आखाड्यात उतरलेला. सुका झिंगा आठवडी बाजारात मिरच्यांच्या शेजारी ढिगाने असतो, आणि पावसाळा सरता सरता भोई मंडळी नदीतला, तलावातला ओला झिंगा घेऊन बसतात. "घ्या ना भाऊ, जित्ते हायेत, पाहा कसे उड्या मारून राह्यले," असं म्हणत बाई पाटीवरचं ओलं फडकं उचलते, आणि दोन-चार झिंगे खरोखरच शेजारच्या वांग्यांत जाऊन पडतात.

आमच्या आईची झिंग्याची रीत अशी होती: कांदा-खोबरं भाजायचं, खसखस वाटायची, तिखटाचा हात सैल सोडायचा, झिंगे घालून भांड्यावर झाकण ठेवायचं आणि शेजारी जाऊन यायचं. शेजारी जाऊन येणं हा पाककृतीचाच भाग होता. ती परत येईपर्यंत झिंगा शिजलेला असे, आणि तिथे निघालेला विषय रंगला तर तो दुसऱ्यांदाही शिजे. रस्सा अप्रतिम व्हायचा. झिंगा मात्र दाताखाली सायकलच्या ट्यूबसारखा लागायचा. यात आईचा दोष नाही. आमच्याकडचा सामिष स्वयंपाक बकऱ्याच्या मटणावर वाढला. बकरा हा हट्टी प्राणी. मेल्यावरही तासभर आच खाल्ल्याशिवाय नमत नाही. मटणात चिवट पडदे असतात, ते विरघळायला वेळ लागतो. झिंग्यात विरघळवण्यासारखं फारसं काही नसतंच. आच लागली की त्यातली प्रथिनं आखडतात, आणखी लागली की आणखी आखडतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. मागे उरतो तो चोथा.

सौ.चं शास्त्र चंद्रकलांवर चालतं. कच्ची कोळंबी सरळ असते. ती चंद्रकोरीसारखी वाकली की उतरवायची. शेपूट डोक्याकडे जाऊन टेकलं की पौर्णिमा झाली. मग ती पानात वाढायची नाही, मुलांना खेळायला द्यायची. रंगाचंही तसंच. करडा-निळसर झिंगा उकळत्या पाण्यात पडताच शेंदरी होतो. हा रंग पाण्यातून येत नाही, तो त्याच्या कवचात आधीपासून असतो. अ‍ॅस्टाझँथिन असं त्याचं भारदस्त नाव, गाजराच्या रंगाचाच तो भाऊबंद. जिवंतपणी एका प्रथिनाने त्याला धरून ठेवल्यामुळे तो निळसर दिसतो. उष्णतेने ती पकड सुटते आणि खरा रंग बाहेर येतो.

बाकी रीत थोडक्यात आहे. पाणी भरपूर आणि खळखळ उकळतं. कवच काढायचं नाही, चव त्यातच असते. पाठीवर कात्रीने चीर देऊन काळा दोरा तेवढा ओढून टाकायचा. गोड्या पाण्यातल्या झिंग्याचं डोकं मात्र आधीच मोडावं, कारण त्याच्या डोक्यातली पाचकद्रव्यं धनी मेल्यावरही काम सोडत नाहीत आणि सगळं मांस पिठूळ करून ठेवतात. (पेन्शनीत निघाल्यावरही रोज कचेरीत येऊन बसणारे एक गृहस्थ मला या ठिकाणी आठवतात.) झिंगे पडले की उकळी बसते. ती पुन्हा येईपर्यंत बारीक झिंगा झालेला असतो. बोटाएवढ्याला आणखी मिनिट-दोन मिनिटं. आतपर्यंत पांढरा दिसला की लगेच उपसून थंड पाण्यात टाकायचा, नाहीतर तो स्वतःच्याच उष्णतेत शिजत बसतो.

राहिलं मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे दोन मोठे चमचे शिगोशीग. अलिबागकरांच्या मते कोळंबीचं पाणी त्याच्या निम्म्याने तरी खारट हवंच. "चाखलं की समुद्रात पाय घसरून नाकातोंडात पाणी गेल्यासारखं वाटलं पाहिजे," ही त्यांची मोजण्याची रीत. मी एकदा सहज शंका काढली, की हा झिंगा आपल्या नदीतला. याने समुद्र कधी पाहिलाय?

"अहो, लग्नाआधी तुम्ही तरी कुठे पाहिला होता?" उत्तर आलं.

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी वाचनालयाचा रस्ता धरला. पुष्कळ नवऱ्यांचं इतिहाससंशोधन असंच सुरू झालेलं असावं.

तिथे पहिली गाठ पडली ती शाओ-वेन लिंग नावाच्या संशोधकाशी. १९६१ च्या सुमारास ते मलायात, पेनांगला, गोड्या पाण्यातल्या महाझिंग्याची पिल्लं टाकीत वाढवू पाहत होते. नदीत राहणाऱ्या प्राण्याला नदीचंच पाणी द्यावं, हे कोणालाही पटेल. पण अंड्यांतून निघालेली पिल्लं चार-पाच दिवसांत पटापट मरायची. खाणं बदललं, उजेड बदलला, काही उपयोग होईना. असं सांगतात, की शेवटी वैतागून त्यांनी जेवणाच्या टेबलावर दिसेल ते थोडं थोडं भांड्यांतून टाकून पाहिलं, आणि सोया सॉस पडलेल्या भांड्यातली पिल्लं जगली. कारण उघड होतं: सोया सॉस खारट. या झिंग्याची आई अंडी पोटाशी घेऊन नदीच्या मुखाशी जाते, पिल्लं निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि हातपाय फुटले की प्रवाहाविरुद्ध पुन्हा वर येतात. आज जगभर जे महाझिंग्याचं बीज तयार होतं त्याचं मूळ त्या खारट भांड्यात आहे. आपल्याकडचे बारीक झिंगे गोड्या पाण्यात जन्मून गोड्या पाण्यातच मरतात, हे खरं. पण गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा, ज्याला शास्त्रीय नाव १८४४ साली मिल्न-एडवर्ड्स नावाच्या फ्रेंच पंडिताने दिलं, तोही बाळंतपणाला खाऱ्या पाण्यात जाणारा.

आणि गोदावरीचं खोरं म्हणजे आम्हीच की! पैनगंगा वणीच्या बाजूला जुगादजवळ वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे यवतमाळच्या छपरावर पडलेल्या पाण्याला अलिबागशी काहीही कर्तव्य नाही. ते ज्या समुद्राला जातं तो निराळाच. मीठ हवं, हे सौ.चं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फक्त समुद्र त्यांचा नव्हे, आमचा. ही बातमी मी घरी जरा विजयी मुद्रेने सांगितली. "बरं झालं, तुमच्याकडेही एक निघाला," एवढंच त्या म्हणाल्या.

मीठ हा शब्दसुद्धा गंमतीचा आहे. तो आला 'मिष्ट'वरून, म्हणजे गोड. जगातल्या सर्वांत खारट वस्तूला मराठी माणसाने गोड म्हटलं, आणि ज्यांना ते बैलाच्या पाठीवरून आणावं लागत होतं त्यांना तर हे नाव अगदीच पटलं असेल. आईन-इ-अकबरीत आमचं गाव 'योत-लोहारा' म्हणून नोंदलेलं आहे. त्या योत-लोहाऱ्यात मीठ पिकत नव्हतं. वऱ्हाडात ते आणत बंजारे. हजारो बैलांचे तांडे कोकणपट्टीवरून मीठ घेऊन घाट चढायचे आणि इकडचा कापूस, धान्य घेऊन उतरायचे. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलं आहे, की या लोकांत चार जाती, आणि एकेक जात एकेकच माल वाहते: एक धान्य, एक तांदूळ, एक डाळी आणि एक मीठ. लमाण हे नाव लवणावरूनच पडलं असं मानणारे पुष्कळ आहेत. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि मिठाची पोती धामणगावच्या स्टेशनावर उतरू लागल्यावर बैलांचं काम संपलं. तांडे जिथे होते तिथे टेकले. पुसद, दिग्रस, दारव्हा भागांत आज दिसतात ते तांडे एके काळच्या या चालत्या वखारींचे. पुसदजवळच्या गहुलीच्या अशाच तांड्यातून पुढे वसंतराव नाईक निघाले आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले.

१९३० साली तर मिठाने आमची मोठीच पंचाईत केली. गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचललं. इथे उचलायचं कुठून? अकोल्याकडच्या मंडळींचं नशीब थोर, त्यांच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरी खाऱ्या. दहीहंड्याला विहिरीचं पाणी आटवून त्यांनी कायदा मोडला. आमच्या जिल्ह्यात कायदा मोडण्याइतकंही खारं पाणी नाही. शेवटी १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी सरकारी जंगलातलं गवत कापलं आणि आमचा सत्याग्रह जंगलाचा झाला. समुद्र नसलेल्या मुलखाला देशभक्तीसुद्धा बदली मालावर भागवावी लागते.

झिंग्याला मात्र बदली माल चालत नाही. त्याचा रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर माणसाने फार पूर्वीपासून दारं लावायला सुरुवात केली आहे. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमला आर्थर कॉटनने बांधलेला बंधारा १८५२ साली पुरा झाला. त्याने डेल्टात भात पिकवला, लाखो लोकांना जगवलं. त्याबद्दल कॉटनसाहेबाला तिकडे आजही देवासारखं मानतात आणि ते योग्यच आहे. वरच्या अंगाला, प्राणहिता मिळते त्याच्याही खाली, २०१९ साली मेडिगड्ड्याचं धरण उभं राहिलं. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे काही खांब खचले आणि मोठा गदारोळ झाला. इंजिनिअर, मंत्री, वकील, सगळे बोलले. बोटभर लांबीचा एक प्रवासी मिठापासून वर निघाला आहे आणि त्याला हजारएक किलोमीटर जायचंय, ही बाजू मांडायला कोणी नव्हतं. इकडे पूस, अरुणावती, बेंबळा, इसापूर अशी आमची स्वतःची धरणं आहेतच. त्यांचं पाणी आम्हीच पितो, आमच्याच शेतांना देतो, तेव्हा त्यांच्याविरुद्ध तोंड उघडायची सोय नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बाजारात चांगले वीतभर लांबीचे, निळ्या नांग्यांचे झिंगे आले होते. मी उत्साहाने विचारलं, "पैनगंगेतले का हो, मावशी?"

"कुठचे भाऊ! धरनातले हायेत. सोसायटीनं बीज सोडलं होतं. नदीतले आता कुठी भेटते?"

सौ.नी एक झिंगा उचलून उलटापालटा करून पाहिला, भाव विचारला, तो कमी करून घेतला आणि अर्धा किलो घ्यायचा ठरला असताना एक किलो घेतला. घरी पातेल्यातल्या पाण्याला उकळी आली. मी शेजारी उभा राहून चमचे मोजत होतो. एक पडला, दुसरा पडला, आणि हात पुन्हा बरणीकडे गेला.

"अहो, हे तर टाकीत जन्मलेले," त्या म्हणाल्या, "यांनी कुठलाच समुद्र पाहिलेला नाही. यांना जरा जास्तच लागेल."