रेंज कोणाची चांगली? एका प्रश्नाचा इतिहास

“कोणत्या कंपनीची रेंज चांगली?” हा प्रश्न आपण एकमेकांना नेहमी विचारतो. पण त्यात एक शब्द राहून गेलेला असतो, तो म्हणजे ‘कुठे?’ हा शब्द किती महत्त्वाचा आहे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

यवतमाळ जिल्ह्यातील महागावचे उदाहरण घेऊ. नागपूर–तुळजापूर महामार्गावरील हे तालुक्याचे ठिकाण. पूस नदी या तालुक्यातून वाहत पुढे पैनगंगेला मिळते. भोवती बेसाल्टच्या टेकड्या आणि मधून मधून खोलगट भाग. समजा, एक गुरुजी महागावात राहतात आणि टेकडीआडच्या एका तांड्यावर शिकवतात. घरी फोन उत्तम लागतो, शाळेत मात्र रेंज नाही. एखाद्या मुलाला साप चावला तर १०८ क्रमांकावर फोन करण्यासाठी कोणाला तरी टेकडीवर पळत जावे लागेल. गुरुजींनी कंपनी बदलावी काय?

पूर्वी मोटारीतील फोनसाठी सगळ्या शहराला मिळून एकच शक्तिशाली प्रक्षेपक असे. त्यामुळे एका वेळी मोजक्याच लोकांना बोलता येई. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी एका टिपणात वेगळी कल्पना मांडली. प्रदेशाचे मधमाशांच्या पोळ्यासारखे षट्कोनी भाग पाडायचे, प्रत्येक भागाला कमी शक्तीचा स्वतंत्र प्रक्षेपक द्यायचा, आणि त्याच कंप्रता दूरच्या भागांत पुन्हा वापरायच्या. या भागांना ‘सेल’ म्हणतात. ‘सेल्युलर’ हे नाव त्यावरूनच आले. ही कल्पना सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोचायला मात्र तीन दशके लागली. टोकियोत अशी सेवा १९७९ मध्ये सुरू झाली.

पण एका मनोऱ्याच्या लहरी किती दूर पोचतात? मोकळ्या अवकाशात उत्तर सोपे आहे. अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश उरते. जमिनीवर घरे, झाडे, डोंगर आडवे येतात, तेथे हा नियम पुरत नाही. जपानमधील योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांचे सहकारी मोजणीची उपकरणे गाडीत घालून टोकियो व आसपासच्या भागात फिरले. त्या मोजणीचे आलेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. मसाहारू हाता यांनी १९८० मध्ये त्या आलेखांना सूत्राचे रूप दिले. ३० मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी हे सूत्र सांगते की अंतर दुप्पट झाल्यावर शक्ती एक चतुर्थांश नव्हे, तर साधारण एक अकरांश उरते!

कंपन्यांचे रेंजचे नकाशे अशाच गणितातून तयार होतात. आता त्यात जमिनीचे चढउतार आणि प्रत्यक्ष मोजणीही धरली जाते. तरीही नकाशावरचा रंग हा एक अंदाज असतो. टेकडीची सावली, दाट झाडी, वर्गावरील टिनाचे छप्पर यांचा नेमका हिशोब त्यात नसतो. शिवाय लहरींचाही फरक पडतो. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर २३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे १३ सेंटिमीटर. लांब लहरी अडथळ्यावरून अधिक वळतात आणि भिंतीतूनही तुलनेने बऱ्या जातात. म्हणून महामार्गावर उत्तम असलेली कंपनी टेकडीआड तशीच असेल असे नाही.

आता भारताकडे वळू. आपल्याकडे पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. परवान्यांसाठी देशाचे विभाग पाडले गेले. मुंबई वेगळी, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक विभाग. महागाव या दुसऱ्या विभागात येते. त्या काळी कंपनी बदलायची तर क्रमांकही सोडावा लागे. नातेवाईक, बँक, कार्यालय, सर्वांना नवा क्रमांक कळवायचा कोणी? त्यामुळे रेंज नसली तरी लोक जुन्याच कंपनीला धरून राहत. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या विभागात गेल्यावरही तोच क्रमांक ठेवता येऊ लागला. २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना रेंजचे नकाशे प्रसिद्ध करणेही बंधनकारक केले.

मात्र एक अट लक्षात ठेवावी. एकदा कंपनी बदलली की ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही. केवळ नकाशा पाहून निर्णय घेतला आणि तो चुकला, तर शाळेचे तीन महिने तसेच जातील. मग करायचे काय? ओकुमुरांनी केले तेच, म्हणजे मोजायचे.

हा प्रयोग विद्यार्थ्यांसह करता येईल. सहकाऱ्यांकडून वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे काही वेळासाठी मागून घ्या. फोन एकच ठेवा, कारण प्रत्येक फोनचा अँटेना वेगळा असतो. वर्गात, व्हरांड्यात, मैदानात आणि रस्त्यावर, सकाळी व दुपारी नोंदी घ्या. पडद्यावरच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नका. एक दांडी म्हणजे किती, हे प्रत्येक फोन आपल्या पद्धतीने ठरवतो. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत ‘डीबीएम’ या एककात आकडा दिसतो. तो उणे असतो. उणे ८५ आणि उणे ११५ यांत तीस डेसिबलचा, म्हणजे शक्तीत हजारपटींचा फरक आहे. तुलना फोर-जीची फोर-जीशीच करा. प्रत्येक ठिकाणाहून एक फोनही लावून पाहा, कारण रेंज असूनही मनोऱ्यावर गर्दी असेल तर काम अडते.

नोंदींचा तक्ता फळ्यावर लिहा आणि शाळेचा नकाशा काढून त्यावर आकडे भरा. एखादी कंपनी वर्गात स्पष्टपणे सरस ठरली, तर गुरुजींनी खुशाल बदल करावा. सर्वच कंपन्यांचे आकडे सारखेच वाईट आले, तर सिम बदलून उपयोग नाही. तांड्याजवळ मनोरा हवा. ग्रामपंचायतीमार्फत ती मागणी करताना मुलांनी भरलेला हा नकाशा अर्जाला जोडावा.