अंगी न लागणारे अन्न : बॉस्टन, टोरांटो आणि पोटावरची नळी

१९८८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात दोन शहरांतील रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. एक शहर अमेरिकेतील बॉस्टन, दुसरे कॅनडातील टोरांटो. दोन्हीकडे सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारावर उपचार करणारी नामांकित केंद्रे होती. प्रत्येकाकडे सुमारे पाचशे रुग्णांच्या नोंदी होत्या, डॉक्टर तितकेच निष्णात होते, आणि रुग्णांच्या फुप्फुसांची क्षमताही जवळपास सारखीच होती. असे असूनही बॉस्टनमधील निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगण्याची अपेक्षा धरता येत होती ते वय २१ वर्षे होते, तर टोरांटोमध्ये ते ३० होते.

नऊ वर्षांची ही तफावत कोणत्याही नव्या औषधाने घडवलेली नव्हती. तिचे मूळ जेवणाच्या ताटात होते.

हा आजार तसा जुनाच. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते फार जगत नाही, असा समज युरोपातील लोककथांत आढळतो. त्या खारटपणाचे कारण मात्र विसाव्या शतकातच उमगले. या मुलांच्या शरीरातील ग्रंथींमधून मीठ आणि पाणी यांची ये-जा बिघडलेली असते. त्यामुळे घाम अतिखारट होतो आणि फुप्फुसांतील कफ चिकट बनून तेथे जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या बारीक नलिका तुंबतात, पाचकरस आतड्यापर्यंत पोहोचत नाही आणि खाल्लेले अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, न पचताच बाहेर पडते. मूल भरपूर जेवते, वखवखल्यासारखे जेवते, तरी हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढे फुगलेले. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ हा आपल्याकडच्या आजीबाईंचा शब्दप्रयोग या आजाराला अक्षरशः लागू पडतो.

१९३८ पर्यंत या आजाराला स्वतंत्र नावही नव्हते. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील शवविच्छेदनतज्ज्ञ डोरोथी अँडरसन यांच्यासमोर एका मुलाचा मृतदेह आला. निदान सिलिअ‍ॅक या पचनाच्या विकाराचे झालेले होते. परंतु अँडरसन यांना स्वादुपिंड तंतूंनी आणि पोकळ गाठींनी भरलेले दिसले. त्यांनी तेथेच न थांबता जुन्या नोंदी धुंडाळल्या, तशी आणखी मुले शोधली आणि ४९ रुग्णांचा अभ्यास मांडून एक वेगळा आजार वैद्यकशास्त्रापुढे ठेवला. स्त्री असल्यामुळे शस्त्रक्रियेच्या वाटेने जाण्याची संधी त्यांना नाकारली गेली होती, म्हणून त्या शवविच्छेदनाकडे वळल्या होत्या. त्या काळी यांपैकी बहुतेक मुले शाळेचे वय गाठण्याआधीच दगावत.

यापुढचा भाग अधिक वेदनादायक आहे, कारण येथे चूक निष्काळजीपणातून झाली नाही. ती काळजीतूनच झाली. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, त्यांनी पोट दुखते, दुर्गंधीयुक्त तेलकट जुलाब होतात. मग ते बंद करावेत, हा निष्कर्ष कोणालाही पटावा असा होता. लोणी, साय, तळलेले पदार्थ वर्ज्य झाले. साय काढलेले दूध, चरबीविरहित मांस आणि कोरडा पाव असा आहार कित्येक वर्षे लिहून दिला गेला. त्याने जुलाब कमी झाले, पोटदुखीही कमी झाली. डॉक्टरांना समाधान वाटले.

परंतु एक ग्रॅम स्निग्धांशातून सुमारे नऊ उष्मांक मिळतात, तर तेवढ्याच पिष्टमय पदार्थांतून चार. श्वासासाठी झगडणाऱ्या आणि सततच्या जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या या मुलांना निरोगी मुलांपेक्षा अधिक उष्मांक लागतात. सव्वापट, दीडपट, कधी त्याहूनही अधिक. ज्या पदार्थांतून ते सहज मिळाले असते तेच ताटातून काढून घेतले गेले. मुलाची भूक, आईची शिस्त आणि डॉक्टरांची चिठ्ठी या तिघांनी मिळून नकळत उपासमार चालवली होती. या कालखंडाचे दुसरे कोणतेही नाव प्रामाणिक ठरणार नाही.

टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रेन या रुग्णालयात डग्लस क्रोझियर यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी उलटा मार्ग धरला. मुलांना पोटभर खाऊ द्या, लोणी द्या, साईसकट दूध द्या, अंडी द्या. आणि जे पचत नाही ते पचवण्यासाठी जनावरांच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या पाचक विकरांच्या कॅप्सूल प्रत्येक जेवणाबरोबर मुबलक द्या. त्या काळच्या विकरांचा मोठा भाग जठरातील आम्लातच नष्ट होई, म्हणून मुलांना त्या मुठीने गिळाव्या लागत. १९७४ साली क्रोझियर यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या आजाराला ‘तितकासा प्राणघातक नसलेला’ म्हटले होते. त्या काळात हे विधान धाडसाचे होते. दशकाच्या उत्तरार्धात आम्लात न विरघळणारे आवरण असलेले सूक्ष्म विकरकण बाजारात आले आणि हा मार्ग पुष्कळ सुकर झाला.

त्यानंतर आली ती आरंभी उल्लेखलेली १९८८ ची तुलना. टोरांटोची मुले अधिक उंच होती आणि मुलगे वजनानेही अधिक भरलेले होते. फुप्फुसे सारखीच, शरीरे मात्र वेगळी! ही तुलना म्हणजे काटेकोर प्रयोग नव्हता. दोन शहरांत आहाराखेरीज इतरही फरक असू शकतात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तरीही कमी स्निग्धांशाच्या आहाराचे समर्थन त्यानंतर फारसे कोणी केले नाही. नव्या मार्गालाही धोके होते. १९९४ साली ब्रिटनमध्ये अतितीव्र विकरमात्रा घेणाऱ्या काही मुलांचे मोठे आतडे आकसल्याचे आढळले, आणि मग विकरांच्या मात्रेवर मर्यादा घालण्यात आल्या.

येथपर्यंतची कथा सुखान्त वाटते. पण लोणी ताटात वाढणे आणि ते मुलाच्या पोटात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोकून खोकून उलटी झालेल्या, तोंडाची चव गेलेल्या, औषधांनी पोट भरलेल्या मुलाला दीडपट जेवण कसे भरवावे? अनेक घरांत जेवणाची वेळ म्हणजे रोजचा संग्राम बनली. एक घास, आणखी एक घास, मग विनवणी, मग रडारड. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लोरी स्टार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून या संग्रामाचाच अभ्यास केला. न खाण्याभोवती फिरणारे आईवडिलांचे लक्ष नकाराला बळ देते. ते लक्ष खाण्याकडे वळवले, वेळेची मर्यादा घातली आणि प्रत्येक जेवणात थोडेथोडे उष्मांक वाढवले, तर मुले अधिक खातात आणि वजनही वाढते, असे त्यांना आढळले. दोष आईचा नव्हता, पण उपाय काही अंशी तिच्या हाती होता.

आणि काही मुलांच्या बाबतीत हेही पुरेसे ठरत नसे. तेथे प्रश्न यायचा नळीचा.

नळीने अन्न देण्याचा इतिहास मानवी करुणेचा आहे तसाच क्रौर्याचाही. १७९० च्या सुमारास लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी गिळण्याची शक्ती गमावलेल्या एका रुग्णाला माशाच्या, म्हणजे ईलच्या, कातड्याच्या नळीतून अन्न दिले. १८८०च्या दशकात पॅरिसमध्ये एतिएन तार्निए यांनी अकाली जन्मलेल्या, स्तनपानाचे बळ नसलेल्या बाळांना बारीक नळीने दूध देण्याची पद्धत रूढ केली. मात्र सर्वसामान्यांच्या मनात नळीचे चित्र उभे राहिले ते तुरुंगातून. १९०९ पासून ब्रिटिश तुरुंगांत मताधिकारासाठी उपोषण करणाऱ्या स्त्रियांना बळाने नळी घालण्यात आली. भारतात १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांना तसेच जबरदस्तीने दूध पाजताना ते फुप्फुसात उतरले. ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबरला त्यांनी प्राण सोडला. ज्या साधनाला इतका इतिहास चिकटला आहे ते आपल्या मुलाच्या नाकात जाणार, या कल्पनेने आईवडील शहारले तर त्यात नवल ते काय?

नाकातील नळी दीर्घकाळ ठेवणे त्रासाचे असते. पोटावर छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवण्याची कल्पना नॉर्वेच्या एगेबर्ग यांनी १८३७ साली मांडली होती. १८४९ साली सेदिय्यो यांनी स्ट्रासबर्ग येथे ती अमलात आणली, पण रुग्ण वाचला नाही. पुढे जंतुनाशन आणि भूल यांच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया शक्य झाली, तरी त्यासाठी पोट उघडावे लागेच. क्षीण मुलासाठी तोच मोठा धोका होता.

कोंडी फुटली ती ओहायो राज्यातील क्लीव्हलँडमध्ये. बालशल्यविशारद मायकेल गाउडरर आणि दुर्बीणतज्ज्ञ जेफ्री पोन्स्की यांनी एक साधी गोष्ट हेरली. जठरात सोडलेल्या दुर्बिणीचा दिवा लहान मुलाच्या पातळ पोटातून बाहेर उजळलेला दिसतो. मग त्या उजेडाच्या ठिपक्यावरच सुई टोचायची, सुईतून दोरा जठरात सोडायचा, दुर्बिणीने तो पकडून तोंडावाटे बाहेर काढायचा, त्याला नळी बांधायची आणि पोटाकडच्या टोकाने ओढून घ्यायची. नळीचे छत्रीसारखे टोक जठराच्या आतल्या भिंतीला टेकते आणि दुसरे टोक बाहेर राहते. जून १९७९ मध्ये पहिली अशी नळी एका तान्ह्या बाळालाच बसवली गेली. आज ही पद्धत वृद्धांमध्ये अधिक वापरली जात असल्यामुळे तिचा जन्म मुलांसाठी झाला हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. काही वर्षांत गाउडरर यांनीच त्वचेला लगटून बसणारे बुटके ‘बटण’ही तयार केले. ते सदऱ्याखाली झाकले जाते. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी ही बाब लहान नसते.

टोरांटोच्याच गटाने १९८५ साली आणखी एक पुरावा दिला. सिस्टिक फायब्रोसिसच्या कुपोषित मुलांना रात्री झोपेत पोटावरच्या नळीतून थेंबथेंब द्रव आहार दिला. वजन वाढले, खुंटलेली उंची वाढू लागली; आणि ज्यांना असा आहार मिळाला नव्हता त्यांची फुप्फुसे खालावत असताना या मुलांची बरीचशी टिकून राहिली. दिवसा मूल आपल्या आवडीचे खाऊ शकत होते. जेवणाच्या ताटावरचा दबावच ओसरला.

अडचणी अर्थातच होत्या. छिद्राभोवतीची त्वचा लाल होते, कधी गळती होते, अन्न वर येते, विकर केव्हा आणि किती द्यायचे याचा हिशेब जमवावा लागतो, रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे लागते. त्याहून मोठी अडचण मनाची होती. नळी म्हणजे आपण हरलो, असे आईवडिलांना वाटे. आणि ‘वजन वाढले नाही तर नळी घालावी लागेल’ असा धाक घालून काही उपचारकांनीही तो समज पक्का केला. परिणामी निर्णय लांबत जाई, आणि फुप्फुसे फार बिघडल्यावर बसवलेल्या नळीचा लाभ कमी होई. अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने २०१६ साली नळीवाटे आहाराबाबत स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, तोपर्यंत नळी हा नेहमीच्या उपचारांतील एक टप्पा मानण्याकडे कल झुकला होता.

भारतात हा आजार गोऱ्यांचाच, असा समज दीर्घकाळ होता. १९६०च्या दशकात येथे रुग्ण नोंदवले जाऊ लागले, तरी कुपोषण, वारंवारचा न्यूमोनिया आणि क्षयाचा संशय यांच्या गर्दीत तो सहज लपतो. बाळ वाढत नाही म्हणून सुनेच्या दुधाला किंवा हाताला बोल लावणाऱ्या घरांत घामातील मीठ मोजण्याची चाचणी कोणाला सुचणार?

१९८९ साली या आजाराचे जनुक सापडले. त्यातही टोरांटोच्या त्याच रुग्णालयातील लॅप-ची त्सुई यांचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांच्या एका संयुक्त गोळीला मान्यता मिळाली; ती जनुकाने बिघडवलेल्या प्रथिनावरच काम करते. ही गोळी सुरू झालेल्या अनेकांचे वजन आपसूक वाढू लागले. काही केंद्रांत तर आता आहारतज्ज्ञ अतिवजनाची चिंता करू लागले आहेत, आणि लोणी जरा बेताने खा असा सल्ला पुन्हा ऐकू येतो. ही गोळी अत्यंत महाग आहे. जेथे ती पोहोचलेली नाही तेथील मुलांचा आधार अजूनही क्रोझियर यांच्या काळातलाच आहे: भरपूर तूप-लोणी, विकरांच्या कॅप्सूल, आणि गरज पडल्यास रात्री थेंबथेंब गळणारी नळी.