बॅट कोणाच्या हातात?

गावोगावच्या पोरांत क्रिकेटचा एक नियम चालतो, जो कोणत्याच नियमपुस्तकात नाही. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर मेहकर-लोणारकडे जा, नाहीतर घाटाखाली मोताळा-नांदुऱ्याकडे, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. बॅट विकत घेऊ शकणारा बाप कोणाचा असतो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. वस्तीतल्या पोराच्या वाट्याला बॉलिंग येते, किंवा काट्याकुट्यात गेलेला बॉल शोधून आणणे. पोरांचा खेळ म्हणून लोक हे हसण्यावारी नेतात. आम्ही नेत नाही, कारण या नियमाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

पालवणकर बाळू हे नाव आपल्या किती शिक्षकांना माहीत आहे? जन्म १८७६ चा, धारवाडचा. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला लागला, महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. काम काय? रोलर फिरवणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो आठ आणे देई, असे सांगतात. जगातल्या उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांपैकी एक असा घडला. पण इतकी वर्षे त्या जाळीत राबूनही त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाची, मेहनत नोकराची.

इंग्रजांना जातीचे सोयरसुतक नव्हते, त्यांना फुकट घाम हवा होता. जात पाळली ती आपल्याच लोकांनी. पुण्याच्या हिंदू संघाला बाळूंचे बळी हवे होते, बाळू नको होते. मैदानात एकच चेंडू सगळे हाताळत. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवायला वेगळे टेबल. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना शिपाई असेल तरच पाणी मिळे, तोच हा न्याय.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली, त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच दिले गेले नाही. १९२० मध्ये ते डावलले गेले तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून माघार घेतली. तेव्हा कुठे बाळूंना उपकप्तान केले.

१९२३ मध्ये धाकटे विठ्ठल कप्तान झाले आणि संघ जिंकला. विठ्ठल होते फलंदाज! एकाच घरातला थोरला गोलंदाज आणि धाकटा फलंदाज, यात रक्ताचा काय संबंध? थोरल्याने राबून घराला मैदानात जागा मिळवली, म्हणून धाकट्याच्या हाती वेळेवर बॅट आली.

आमचे काही बंधू म्हणतील, बाळू तर १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे होते. होते, आणि हरले. ते राजकारण आम्हाला मान्य नाही. पण तेवढ्यासाठी त्यांचा घाम जिमखानावाल्यांना आंदण देऊन टाकायचा का? आम्ही देणार नाही.

आता जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेकडे या. गावात ही एकच जागा आहे, जिथली बॅट कोणाच्याही बापाची नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवे, वर्गाला खेळाचे साहित्य हवे, असे लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. पण शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक कायद्याने फक्त सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तर. पहिली ते पाचवीला तो नाहीच. साठ पोरांमागे दोन शिक्षक, तेच भाषा शिकवणार, तेच गणित, तेच खिचडीचा हिशेब ठेवणार. मग खेळाच्या तासाला पोरांना मैदानात सोडून देतात, आणि सोडून दिले की गल्लीचा नियम आपोआप लागू होतो.

फलंदाजी शिकवायला अकादमी लागत नाही. हलकी बॅट किंवा तासलेली फळी, टेनिसचा बॉल. दोन्ही हात जवळजवळ, खांदा गोलंदाजाकडे. आधी विटेवर ठेवलेला बॉल मारू द्या, मग सरपटी, मग एक टप्पा. खेळ जोड्यांनी घ्या. प्रत्येक जोडीला ठरलेली षटके, बाद झाले तर धावा वजा, पण बॅट हातातून जात नाही. पोरींनाही तेवढीच षटके.

धावणे तर आणखी महत्त्वाचे. बॅट लांबवून जमिनीवर घासत रेषेपार टेकवायची, वळताना तोंड चेंडूकडे. आणि हाक द्यायची: हो, नाही, थांब. चेंडू समोर गेला तर हाक मारणाऱ्याची, मागे गेला तर पलीकडच्याची. पाटलाच्या पोराला मजुराच्या पोरीने भर मैदानात "नाही" म्हणायचे आणि त्याने जागीच थांबायचे. नाही थांबला तर धावबाद. गावात दुसरीकडे कुठे हे घडते, ते आम्हाला दाखवा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांच्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. म्हणजे आपली माणसे तिथे बसलेली आहेत. पुढच्या सभेत साहित्याची नोंदवही मागा. बॅटा किती घेतल्या, कुलूपबंद कपाटात किती आहेत, आणि मागच्या महिन्यात कोणाकोणाच्या हातात किती चेंडूंसाठी आल्या, ते विचारा.