'सगुणा'चे माहेर

१८८७-८८ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात 'सगुणा' ही इंग्रजी कादंबरी क्रमशः छापून आली, तेव्हा तिची लेखिका पंचविशीत होती. तिचे नाव कृपाबाई सत्यनाथन, माहेरचे आडनाव खिस्ती, जन्म १८६२ सालचा, गाव अहमदनगर. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेल्या पहिल्या कादंबऱ्यांत 'सगुणा'ची गणना होते, आणि ती तिथेच थांबते. भारतीय इंग्रजी साहित्याच्या इतिहासात कृपाबाईंचा उल्लेख असतो, मद्रासच्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात असतो. मराठी स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास सांगताना मात्र ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना', पंडिता रमाबाई, काशीबाई कानिटकर, रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक अशी नावे घेतली जातात आणि नगरची ही मुलगी बाहेरच राहते. ती बाहेर राहू नये असे मला वाटते. 'सगुणा'चा बाज व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कादंबरीचा आहे, पण तिच्यातला सगळा ताण नगरच्या एका मराठी घरात जन्मलेला आहे. ते घर बाजूला ठेवले तर कादंबरी कळतच नाही.

त्या घराची हकिगत अशी. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले. पुढच्या काही वर्षांत हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी याचा अर्थ जातीबाहेर जाणे, वडीलधाऱ्यांशी तुटणे, गावाच्या नजरेतून उतरणे असा होता. मिशनच्या कागदपत्रांत अशा प्रसंगांचे वर्णन विस्ताराने येते, पण ते बहुतेक पुरुषाच्या निर्णयाचे असते. त्याला काय पटले, त्याने कोणाशी वाद घातला, त्याचा बाप्तिस्मा कधी झाला, एवढे कळते. त्याच्या बायकोचे काय झाले हे एखाद्या ओळीत उरकलेले असते. कृपाबाई या हरिपंत आणि राधाबाई यांच्या चौदा मुलांतल्या तेराव्या. 'सगुणा'च्या आरंभीच्या भागात त्यांनी आपल्या आईची, म्हणजे कादंबरीतल्या राधाची, गोष्ट सांगितली आहे. लहानपणी लग्न होऊन सासरी आलेली ही मुलगी कुळाचारात आणि सोवळ्याओवळ्यात मुरलेली आहे. तिला न विचारता तिचा नवरा तिच्या पायाखालची जमीनच बदलून टाकतो. वडिलांच्या धर्मनिष्ठेविषयी लेखिकेच्या मनात पूर्ण आदर आहे, तरीही आईचे दुःख तिने झाकलेले नाही. त्या काळच्या धर्मांतरित कुटुंबातल्या मुलीने हे लिहावे ही साधी गोष्ट नव्हे. माझ्या मते हा या कादंबरीतला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि त्याच्यासाठी लेखिकेला कोणत्याही इंग्रजी नमुन्याचा उपयोग नव्हता, कारण तसा नमुनाच नव्हता.

इंग्रजी कादंबरीशी या पुस्तकाचे साम्य नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जॉर्ज एलियटच्या 'द मिल ऑन द फ्लॉस'मध्ये (१८६०) लॅटिनसाठी भावाला गुरूकडे पाठवतात, खरी तल्लख असते ती बहीण मॅगी, आणि मुलींची बुद्धी वरवरची असते हे तिला ऐकून घ्यावे लागते. सगुणाही शिकते ती भावांच्या अभ्यासाच्या कडेला बसून. मात्र तिचा थोरला भाऊ भास्कर तिला जवळ घेतो, पुस्तके आणि निसर्ग यांची गोडी लावतो, आणि त्याचा अकाली मृत्यू तिच्या पुढच्या आयुष्यावर सावली टाकतो. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' १८४७ साली करर बेल या टोपणनावाने छापली गेली. तिच्यात सेंट जॉन रिव्हर्स हा पाद्री जेनला हिंदुस्थानी शिकायला लावतो आणि मिशनरीची पत्नी म्हणून हिंदुस्थानात न्यायला निघतो. ब्राँटेच्या वाचकाला हिंदुस्थान हा दूरचा, उद्धाराची वाट पाहणारा, मुका प्रदेश वाटतो. 'सगुणा' याच चित्राची दुसरी बाजू दाखवते. इथे मिशनच्या बाया खरोखरच आलेल्या आहेत, आणि ज्या मुलीला त्या सुधारायला निघाल्या आहेत ती त्यांना निरखते आहे. त्यांचा भला हेतू तिला दिसतो. आपण 'नेटिव्ह' म्हणून एक पायरी खाली धरले जातो, हेही तिच्या नजरेतून सुटत नाही. कृपाबाईंनी या दोन इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या होत्या की नव्हत्या, यावर माझा मुद्दा अवलंबून नाही. घाट त्या काळच्या हवेतच होता. त्यात त्यांनी जे भरले ते नगरहून आणलेले होते.

कृपाबाईंना मराठी परंपरेत घेण्यावर पहिला आक्षेप भाषेचा, आणि तो वजनदार आहे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, तरी त्यांचे 'क्रिस्तपुराण' आपण मराठीचे मानतो, कारण ते मराठीत आहे. मग इंग्रजीत लिहिणारी नगरची मुलगी इंग्रजीच्या खात्यावर जमा व्हावी, हे ओघानेच येते. भाषेच्या इतिहासापुरते हे मला मान्य आहे. पण आपण ज्याला मराठी स्त्रियांच्या आत्मकथनाचा इतिहास म्हणतो तो भाषेपुरता कधीच नव्हता. पंडिता रमाबाईंनी 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) मराठीत लिहिली आणि 'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७) इंग्रजीत. दुसरे पुस्तक आपण परके मानत नाही. शिवाय कृपाबाई इंग्रजीकडे का गेल्या हेही पाहायला हवे. मिशनच्या आश्रयाने त्यांचे शिक्षण मुंबईत झाले. इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकण्याचा बेत प्रकृतीमुळे फसला, तेव्हा १८७८ साली त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. ते कॉलेज स्त्रियांना खुले होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, आणि आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला गेल्या त्या यानंतर पाच वर्षांनी. पहिल्या वर्षी कृपाबाई चमकल्या, पण वर्षभरात तब्येत ढासळली आणि शिक्षण सुटले. १८८१ मध्ये सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी लग्न झाले. सासर तमिळ, माहेर मराठी, आणि दोघांमध्ये सामाईक भाषा इंग्रजी. उटी, राजमहेंद्री, कुंभकोणम, मद्रास अशा फिरतीत मराठी वाचक भेटणार कुठे? नगरला १८४२ साली सुरू झालेले मिशनचे 'ज्ञानोदय' मराठीत निघत होते हे खरे, पण मद्रासेत संसार थाटलेल्या बाईच्या हाताशी होते ते मद्रासचे मासिक. इंग्रजी त्यांच्या वाट्याला संसाराबरोबर आली.

दुसरा आक्षेप असा की हे मिशनचे प्रचारसाहित्य आहे. लेखिका श्रद्धावान ख्रिस्ती होती, हिंदू घरातल्या स्त्रीजीवनावर तिने कडक शब्दांत लिहिले आहे, आणि काही ठिकाणी तो सूर एकांगी वाटतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 'सगुणा'चा काळ पाहा. १८८४ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षापासून १८८८ पर्यंत नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला गाजत होता. १८८९ मध्ये मुंबईत पंडिता रमाबाईंचे शारदासदन उघडले आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. हिंदू घरातल्या बाईच्या स्थितीवर कठोर बोलणे हे त्या दशकात मिशनचे एकट्याचे काम राहिले नव्हते. याहून मोठा पुरावा कृपाबाईंची दुसरी कादंबरी 'कमला' (१८९४) देते. तिची नायिका ब्राह्मण मुलगी. सासुरवास, नवऱ्याची बेपर्वाई, वैधव्य हे सारे ती भोगते. पुढे तिला चाहणारा रामचंद्र लग्नाचे विचारतो आणि ती नकार देते. प्रचाराची गोष्ट असती तर इथे कमलाचा बाप्तिस्मा झाला असता. तसे होत नाही. ती हिंदूच राहते आणि हाती आलेले धन अनाथ-विधवांसाठी वेचते. पुनर्विवाहाच्या बाजूने बोलणाऱ्या सुधारकाला हा शेवट आवडणार नाही, मलाही तो पूर्ण पटत नाही. पण ज्या लेखिकेने मिशनच्या आणि सुधारकांच्या दोन्ही अपेक्षा बाजूला सारल्या, तिला कोणाचे मुखपत्र म्हणणे न्याय्य नाही.

'सगुणा' हातातून गेल्याने आपले काय हुकले, ते एका योगायोगावरून ध्यानात येते. कृपाबाई १८९४ च्या ऑगस्टमध्ये वारल्या, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. 'सगुणा' पुस्तकरूपाने आली १८९५ मध्ये. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा धर्म सोडून गेलेला, बायको माहेरच्यांच्या आणि जातीच्या कचाट्यात, वर्षे जातात तसे मन हळूहळू वळते. राधाची कोंडी तीच, आणि टिळक दांपत्याचे पुढचे आयुष्यही नगरशी जोडलेले. 'सगुणा' आणि 'कमला' १८९६ मध्ये तमिळमध्ये गेल्या. धर्मांतर करणाऱ्या पुरुषाच्या बायकोची बाजू तमिळ वाचकाला अशी एका मराठी घरातून मिळाली. मराठी वाचकाच्या हाती ती आली लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून, १९३४ नंतर.