वाट विचारणाऱ्याची बोली: तोक्योच्या इतिहासातून

मंडळी, परदेशात वाट विचारणं हा आपल्याकडे प्रवासवर्णनातल्या फजितीचा विषय. आज तो जरा इतिहासाच्या बाजूने बघू या, आणि त्यासाठी तोक्यो घेऊ या. कारण या शहरात पत्ता हातात असूनही विचारावंच लागतं. परक्यांना तर लागतंच, पण तिथल्या माणसांनासुद्धा.

आता असं का? तोक्योत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. नाव असतं ते वस्तीला, आपल्या पुण्यातल्या पेठांसारखं म्हणा. १८७३ साली मेइजी सरकारने नवी जमीन महसूल पद्धत आणली, त्या व्यवहारात जमिनीच्या तुकड्यांना क्रमांक मिळाले. म्हणजे बघा, हे आकडे पोस्टमनसाठी नव्हतेच, सारा वसूल करण्यासाठी होते! पुढे वाटण्या झाल्या, तुकडे पडले, आणि शेजारच्या घराचा नंबर शेजारचाच असेल याची खात्री उरली नाही. गटनंबर आणि पोटहिश्शात आयुष्यं घालवलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. १९६२ च्या कायद्याने चोमे, बान, गो अशी उतरंड लावून दिली: आधी विभाग, मग घरांचा गट, मग घर. रस्ता मात्र बिननावाचाच राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य तिथे आलं, त्यांना हे मानवेना. त्यांनी 'ए अव्हेन्यू', 'बी अव्हेन्यू' अशा पाट्या ठोकल्या. १९५२ ला ताबा संपला, पाट्याही गेल्या. फ्रेंच लेखक रोलां बार्थ यांनी १९७० च्या आपल्या जपानवरच्या पुस्तकात यावर एक प्रकरणच लिहिलं आहे. लोक कागदाच्या कपट्यावर नकाशा काढून देतात याचं त्यांना भारी कौतुक.

मग विचारायचं कुणाला? तर 'कोबान'मध्ये. कोबान म्हणजे कोपऱ्यावरची पोलीस चौकी. तोक्योत त्यांची सुरुवात १८७४ ची. भिंतीवर परिसराचा नकाशा, आणि पोलीस बाहेर येऊन हात करून दाखवतो. पण हाच पोलीस घरोघर फिरून कोण राहतं याची नोंदही ठेवतो. वाट सांगणं आणि लक्ष ठेवणं, दोन्ही कामं एकाच चौकीतली. १९०५ साली रशियाबरोबरच्या तहावरून हिबिया बागेपाशी दंगल उसळली, तेव्हा लोकांनी शहरातल्या बहुतेक चौक्या जाळल्या, त्या उगाच नव्हे.

आणि आता मुख्य गोष्टीकडे येऊ. वाट विचारायला तोंड उघडलं की आपण कुठले ते कळतं. एरवी यात बिघडत काही नाही.

१ सप्टेंबर १९२३. दुपारी बाराच्या दोनेक मिनिटं आधी मोठा भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या, लाखावर माणसं गेली. तशात अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत. कोरिया तेव्हा जपानची वसाहत होती, मजुरीसाठी आलेले कोरियन तोक्योत बरेच होते. गावोगाव, गल्लोगल्ली लोकांनी पहारे बसवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं आणि म्हणायला लावायचं: 'जूगोएन गोजिस्सेन'. अर्थ काय, तर पंधरा येन पन्नास सेन. बस्स, एक रक्कम! शब्दाच्या सुरुवातीचे 'ज' आणि 'ग' कोरियन तोंडात 'च' आणि 'क'कडे झुकतात, म्हणून ही परीक्षा. त्या दिवसांत मारल्या गेलेल्यांचे अंदाज काही हजारांच्या घरात आहेत. मारणाऱ्यांत शेजारीपाजारी होते, तसे काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही होते. अफवा पसरवायलाही पोलिसांचा हात लागला. उलट त्सुरुमीच्या ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी शेकडो जणांना ठाण्यात आसरा दिला, जमावापुढे ते उभे राहिले. ही दोन्ही माणसं एकाच खात्यातली, हे आपण नोंदवून ठेवू.

६ सप्टेंबरची फुकुदा गावची घटना तर ऐकाच. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातले औषध विकणारे फेरीवाले, बायकापोरांसह पंधरा जण, तोने नदीच्या नावेपाशी थांबले होते. सगळे जपानीच. पण बोली दूरची, गावकऱ्यांना ती जपानी वाटेना. नऊ जण मारले गेले, त्यात लहान मुलं होती आणि एक गरोदर बाई होती. ज्यांना शिक्षा झाल्या ते पुढे माफीत सुटले.

आज तोक्योच्या निशी-कासाईत अनेक भारतीय कुटुंबं राहतात, त्यात मराठीही आहेत. जवळून आराकावा नदी वाहते. तिच्याच काठाने वर गेलं की योत्सुगी पुलाचा भाग येतो. तिथेही तेव्हा कोरियन मारले गेले. २००९ साली नागरिकांनी स्वतःहून तिथे एक स्मृतिशिला बसवली.

तोक्योच्या योकोआमिचो बागेत दरवर्षी १ सप्टेंबरला या कोरियन बळींसाठी सभा भरते. राज्यपाल तिला शोकसंदेश पाठवत असत. कोइके युरिको यांनीही २०१६ साली तो पाठवला. २०१७ पासून त्यांनी तो वेगळा पाठवणं थांबवलं.